गोटीरामच्या पेट्या

हे मी कुणाकडून उडत उडत ऐकलेलं नाही. ज्या घरात हे घडलं त्या घरात मी आजही जाते, त्याच सोफ्यावर बसते. पटलं तर वाचा, नाही पटलं तर सोडून द्या. पण थापा म्हणू नका. माझ्या बहिणीचा संसार आहे तो.

स्मिताताई माझी मावसबहीण. नवी मुंबईत घणसोलीला सेक्टरमध्ये राहते, सातव्या मजल्यावर. मुलगी श्रुती पुण्याला नोकरीला. घरात ताई आणि जयप्रकाश भाऊजी, दोघंच.

दिवस मागच्या वर्षीच्या जानेवारीतला. दुसरा रविवार. वेळ दुपारी सव्वातीन.

हो, दुपार. रात्र नव्हती, अमावास्या नव्हती. बाल्कनीत लख्ख ऊन होतं आणि ताईनं पापड वाळत घातले होते.

आधी भाऊजींबद्दल सांगते. त्यांना स्पीकरचं वेड. वेड म्हणजे किती, तर श्रुतीच्या बारशाला पाहुणे जेवत होते आणि हे हॉलमध्ये टेप घेऊन स्पीकर आणि भिंतीतलं अंतर मोजत होते. त्यांचा एक ग्रुप आहे. महिन्यातून एका रविवारी सगळे कुणाच्या तरी घरी जमतात. तीच तीच गाणी शंभर वेळा ऐकतात आणि भांडतात. भांडण एकच, जुने स्पीकर चांगले की नवे.

श्यामसुंदरकाकांचा एपीएमसी मार्केटमध्ये कांद्याचा गाळा. ते जुन्याच्या बाजूचे. कागदाचा मोठा पडदा, लाकडाची रुंद पेटी, थोड्याशा पॉवरवर खोली भरून टाकणारा आवाज. "माणूस समोर बसून गातो," असं त्यांचं म्हणणं.

मितेश महापेला आयटीत. तो नव्याच्या बाजूचा. उंच, सडपातळ टॉवर, छोटे छोटे वूफर, सगळं कॉम्प्युटरवर मोजून बनवलेलं. "काका, तुमचा माणूस समोर बसून गातो, पण सर्दी झाल्यासारखा," असं तो म्हणायचा.

आणि निकाल द्यायचे भाऊजी. त्यांच्या कानावर सगळ्यांचा भरवसा.

पण त्या कानाचं एक गुपित होतं. ते फक्त ताईला माहीत होतं.

दिवाळीनंतर एका सकाळी भाऊजी उठले, तर डावा कान गेलेला. दुखणं नाही, खुपणं नाही. डॉक्टरांनी तपासलं, इंजेक्शनं दिली, शेवटी हात वर केले. नस गेली म्हणाले, आता येणार नाही.

भाऊजी त्या दिवशी घरी येऊन रडले. ताईनं त्यांना लग्नानंतर पहिल्यांदा रडताना पाहिलं.

"ग्रुपमध्ये सांगू नकोस," एवढंच म्हणाले.

ताईनं नाही सांगितलं.

जानेवारीत त्या पेट्या आल्या.

सेक्टरच्या मागे घणसोली गाव आहे. गावात कुंदन म्हणून एक जण घर पाडून बिल्डिंग बांधत होता. त्याचे वडील गोटीराम जुने साउंडवाले. आगरी लग्नांत, हळदीला, पंचक्रोशीत त्यांचाच सेट लागायचा. त्यांनी स्वतः सागवानात बनवलेली घरगुती स्पीकरची जोडी माळ्यावर पडून होती. हे कळायचा अवकाश, भाऊजी ताईला घेऊन हजर.

"न्या, न्या," कुंदन म्हणाला. "नायतरी भंगारातच जानार हायत."

गोटीराम ओसरीवर खुर्चीत बसले होते. त्यांची मुलगी जागृती त्यांना दोनदा म्हणाली, "बाबा, चहा घे." त्यांनी मान वळवली नाही. तिनं शेवटी खांद्याला हात लावून कप हातात दिला. ताईला वाटलं, म्हातारपण. कान गेले असतील.

पेट्या टेम्पोत चढताना बघून गोटीराम उठले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग कुंदनकडे बघून परत बसले.

पेट्या घरी आल्या. भाऊजींनी धूळ झाडली, तारा जोडल्या, बासरीची एक धून लावली.

आणि दोन मिनिटांत ते ताडकन उभे राहिले.

"स्मिता… डाव्या कानाला ऐकू येतंय."

त्यांनी उजवा कान बोटानं घट्ट बंद केला. चेहऱ्यावर असं हसू, की ताईला भरून आलं. घरातल्या नव्या टॉवरवर तोच तुकडा लावला. डावा कान ठार. परत पेट्या लावल्या…

येतंय.

"नक्की?" ताईनं विचारलं.

"अगं, बासरी येतेय. आणि मागे बायका आहेत."

"कुठल्या बायका?"

"रेकॉर्डिंगमध्ये असतील. बांगड्या वाजतायत. कुणीतरी हाका मारतंय."

ताईनं कान दिला. तिला बासरी आणि तबला, एवढंच ऐकू आलं. ती धून तिलाही पाठ झालेली. त्यात बायका नव्हत्या.

पण नवरा इतक्या दिवसांनी हसत होता. ती गप्प बसली. तिच्या जागी मी असते तर मीही गप्पच बसले असते.

आता तो रविवार.

ग्रुप ताईकडे जमला. श्यामसुंदरकाका, मितेश आणि भाऊजी. जुने विरुद्ध नवे, अगदी नियमानं. भाऊजींचे नियम कडक. मध्ये काळा पातळ पडदा टांगायचा, म्हणजे कुठली जोडी वाजतेय ते दिसणार नाही. मोबाइलवर मोजून दोन्हींचा आवाज सारखा करायचा, कारण जरा मोठं वाजलं की माणसाला तेच चांगलं वाटतं. पडद्यामागे एकानं बसून बटण फिरवायचं. ऐकणाऱ्यांनी चिठ्ठीवर लिहायचं, पहिला की दुसरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चाचणी चालू असताना कुणी एक शब्द बोलायचा नाही.

बटण फिरवायला नेहमीप्रमाणे ताई. पडद्यामागे स्टुलावर, अॅम्प्लिफायरजवळ, हातात कागद.

पहिली फेरी झाली. दुसरी झाली.

तिसऱ्या फेरीला तिनं बटण पेट्यांवर आणलं. बासरी सुरू झाली.

पलीकडे सगळे चिडीचूप.

आणि बासरीचा सूर लांबला तेव्हा… भाऊजी मोठ्यांदा बोलले.

"स्मिता आहे."

एवढंच. कुणी विचारलं असावं आणि आपण उत्तर द्यावं, तसं.

"जेपी, फाऊल!" मितेश ओरडला. "नियम तुमचाच, आणि तुम्हीच बोलता?"

"अरे, त्या बाईनं विचारलं ना," भाऊजी म्हणाले.

"कुणी?"

"पडद्यामागं कोण आहे, असं विचारलं ना आत्ता…"

ताईनं पडदा बाजूला केला. "मी नाही हो काही विचारलं."

भाऊजी तिच्याकडे बघत राहिले.

"अहो, मी बोललेच नाही."

ते तिच्या ओठांकडे बघत होते. कपाळाला आठी. मग म्हणाले, "मोठ्यानं बोल ना. असं पुटपुटतेस काय?"

श्यामसुंदरकाका हसले. मितेशही हसला. चहा झाला, पापड तळले, माणसं पांगली.

संध्याकाळी ताईनं स्वयंपाकघरातून हाक मारली. "अहो, दिवा लावलात का?"

उत्तर नाही.

तिला धडकीच भरली. उजवा कानही गेला की काय!

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. भाऊजी हॉलमधून म्हणाले, "तिसरी झाली गं. बंद कर."

ती बाहेर आली. दाराची बेल वाजली, ते उठले. खाली वॉचमननं कुणालातरी हाक मारली, त्यांनी खिडकीतून बघितलं. श्रुतीचा फोन आला, दहा मिनिटं छान गप्पा मारल्या.

ताई समोर उभी राहून म्हणाली, "अहो."

काही नाही.

"अहो!" ती ओरडली. शेजारच्या वहिनींनी दार उघडलं, इतकी ओरडली.

भाऊजी तिच्या तोंडाकडे बघत होते. आता त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"स्मिता… तुझा आवाज येत नाहीये."

सगळं ऐकू येत होतं. फक्त ती नाही.

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून तपासलं. उजवा कान उत्तम. डॉक्टर म्हणाले टेन्शनमुळे होतं असं कधी कधी, आराम करा. ताईनं नातेवाइकांना सांगितलं, तर सगळे हसले. नवऱ्याला बायकोचं ऐकू येत नाही, यात नवीन काय! सोसायटीत हाच विनोद. मितेशनं तर ग्रुपवर टाकला. खरं सांगते, मीसुद्धा फोनवर हसले होते. त्याची मला अजून लाज वाटते.

ताई हसली नाही. ती पाटीवर लिहून बोलायला लागली. श्रुतीची लहानपणची पाटी होती माळ्यावर, ती काढली. भाजी कोणती करू, गॅस नोंदवला का, असलं सगळं खडूनं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेली. तिला सगळ्यात जास्त काय टोचायचं, तर झोपताना दिवा बंद झाला की पाटी दिसायची नाही. अंधारात तिला नवऱ्याशी बोलताच यायचं नाही.

आठ दिवसांनी ती भाऊजींना घेऊन गोटीरामकडे गेली.

घर अर्धं पाडलेलं. कुटुंब शेजारच्या भाड्याच्या खोलीत. जागृती दारात होती. गोटीराम आत खाटेवर.

ताई दारातूनच हळू म्हणाली, "काका, येऊ का?"

"ये बाय," गोटीराम लगेच म्हणाले.

ताई थबकली. इतक्या हळू बोललेलं यांना ऐकू गेलं…

जागृती पुढं खाटेजवळ जाऊन म्हणाली, "बाबा, सेक्टरमधल्या ताई हायत. पेट्या नेल्यान ना, त्याच."

गोटीराम ताईलाच विचारत होते, "कोन तुमी? कुठून आयल्या?"

जागृती त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती.

ताईनं काही प्रस्तावना केली नाही. "काका, ह्यांना माझा आवाज ऐकू येत नाही. फक्त माझा."

गोटीराम भाऊजींकडे वळले.

"नाव सांगितलंस?"

भाऊजींनी हो म्हणून मान हलवली.

"मी पन सांगितला," म्हातारा म्हणाला.

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांची बायको सुमित्राबाई धवलारीन. म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात विधींची गाणी म्हणते ती बाई. तिच्याशिवाय लग्न पुढं सरकत नाही. गोटीरामनं मांडवात सेट लावला की इतरांसारखं हॅलो हॅलो करायचे नाहीत. माइक सुमित्राबाईच्या हातात द्यायचे. ती आळीतल्या बायांना एकेक नाव घेऊन बोलवायची. राजाबाय, आयली का गो? वैशाले, आयली का? आणि बाया आपापल्या दारातून ओरडायच्या, आयले गो! तेवढ्यात आवाज लागला की नाही ते गोटीरामला कळायचं. मांडवात कुणी नवी बाई दिसली, की सुमित्राबाई माइकवरूनच नवऱ्याला विचारायची, ती कोन हाय? आणि गोटीराम नाव सांगायचे. मग ती त्या बाईलाही बोलावून घ्यायची. गाणं सुरू व्हायचं ते सगळ्या बाया जमल्यावरच.

"ती गेली त्याला चौदा वर्सा झाली," गोटीराम म्हणाले. "वर्सश्राद्धाच्या दुपारी मी पेट्या लावल्या. उगाच, आठवन म्हून. आनि ती बोलली… दारान कोन हाय?"

त्यांनी जागृतीकडे बघितलं.

"दारान जागृती उभी होती. मना वाटला, नेहमीचाच. मी नाव सांगून टाकला."

जागृती पदरानं डोळे पुसत होती. तिच्या वडिलांनी तेरा वर्षांत तिचा एक शब्द ऐकला नव्हता.

"पोरं बोलतान बाबा बहिरा झाला. मी बहिरा नाय, बाय."

"मग त्या पेट्या जाळून का नाही टाकल्या?" ताई जवळजवळ ओरडलीच. "आम्हाला का दिल्या?"

"कुंदनला कं माहीत! तो भंगार समजला." म्हाताऱ्यानं हातानं तोंड पुसलं. "आनि कशी जालू? पेटी लावली का माजी लेक तिथून बोलते. जाललं तर मंग ती मना कुठंच आयकू येनार नाय."

"काय बोलते ती तिथून?" भाऊजींनी विचारलं.

गोटीरामनं मान खाली घातली.

"लावू नको रं," एवढंच म्हणाले. "मी लावत नाय. तू पन लावू नको."

ताईनं घरी येऊन पेट्यांवर चादर टाकली. अॅम्प्लिफायर कपाटात ठेवून कुलूप लावलं. भाऊजींनी काही विरोध केला नाही. उलट ते तिचे ओठ वाचायला शिकले. आरशासमोर उभं राहून दोघं सराव करायची. साधी वाक्यं जमायला लागली. ताईला वाटलं, चला, असंही जगता येईल.

महिना गेला.

मग एक दुपार. ताई खाली भाजी आणायला गेली होती. अर्धा तास लागला असेल. वर आली, लॅचची किल्ली फिरवली, दार उघडलं.

चादर जमिनीवर.

अॅम्प्लिफायर बाहेर. लाल दिवा लागलेला.

पण गाणं नव्हतं. काहीच लावलेलं नव्हतं. विजेचा प्लग आणि स्पीकरची तार सोडली तर दुसरी कुठलीच तार जोडलेली नव्हती. खोलीत इतकी शांतता, की पिशवीतली कोथिंबीर सळसळली ते तिला ऐकू आलं.

भाऊजी पेट्यांकडे डावा कान करून बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट. पायात बाहेरचे बूट.

ते हसत होते. अगदी लग्न ठरलं तेव्हा फोनवर हसायचे, तसे.

"हो गं," ते म्हणाले. "येतो ना… आवरलंच माझं."

ताईच्या हातातून पिशवी पडली. त्यांनी वळून बघितलं नाही.

तिनं पुढं होऊन खांदा धरला. ओठ सावकाश हलवत विचारलं, कोणाशी बोलताय?

भाऊजींना खरंच नवल वाटलं.

"कोणाशी म्हणजे? तूच बोलावतेयस ना मघापासून."

कुठे? ताईनं विचारलं.

ते जरा वेळ पेट्यांकडे कान देऊन बसले. तिथून काहीतरी उत्तर आलं असावं, कारण त्यांनी मान डोलावली. तिला मात्र काही सांगितलं नाही.

ताईनं प्लग ओढून काढला. दिवा विझला. भाऊजी तसेच हसत होते.

हे सगळं मला ताईनं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आत्ता टेम्पो बोलव आणि त्या पेट्या खाडीत टाकून ये. ती म्हणाली, "माझा आवाज आहे गं तिथे. फेकल्यावर त्यांना कुठेच नाही ऐकू आला तर?"

गोटीरामसारखंच बोलली ती. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

आता अॅम्प्लिफायर श्यामसुंदरकाकांच्या गाळ्यावर आहे. पेट्यांच्या तारा ताईनं कात्रीनं कापल्या. आतले स्पीकर मितेशनं खोलून नेले. हॉलमध्ये नुसती सागवानी खोकी उरली आहेत.

तरी रोज तीनच्या सुमारास भाऊजी शर्टाला इस्त्री करतात. बूट घालतात. खोक्यांसमोर बसतात.

आणि हसतात.

ताई दुपारी घर सोडत नाही. श्रुतीनं पुण्याला बोलावलं तरी जात नाही. तीन ते चार ती त्यांच्या शेजारी बसते आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून ठेवते.

गेल्या गुरुवारी मी गेले होते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. सव्वातीन वाजता भाऊजींनी मान वर केली, जणू कुणी पुन्हा हाक मारली. उठायला गेले. हात धरलेला होता. मग त्यांनी ताईकडे बघितलं. ओळख नसलेल्या बाईशी बोलावं तसं, अगदी अदबीनं म्हणाले,

"अहो बाई, जरा हात सोडता का? माझी बायको कधीची थांबलीय."

ताईनं हात आणखी घट्ट धरला. ती काहीतरी म्हणाली.

मी शेजारीच होते. मला ऐकू आलं. त्यांना नाही.